सरांच्या नावाचा आलेख

सर मला 'सातारा' म्हणायचे, कारण माझं माहेर साताऱ्याचं. "काय सातारा, लाइन लागली का?" असं जिन्यातूनच विचारत ते दुपारच्या चहानंतर खाली उतरायचे. माणसांना गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची जुनी खोड होती, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हापासूनची. वर्गात तीन पाटील आणि चार कुलकर्णी असतात, गाव मात्र ज्याचं त्याचं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचे सगळे विद्यार्थी त्यांच्या लेखी कराड, विटा, तासगाव, जत असे होते. दूधवाला मिरज होता. काकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, ते पाहुण्यांसमोर मेणवली म्हणायचे. काकू ओ द्यायच्या नाहीत.

सर स्वतः वाईचे. पण त्यांना कुणी वाई म्हटलेलं चाललं नसतं. त्यांना त्यांचं नाव लागायचं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. विजेच्या बिलावर आद्याक्षर चुकलं म्हणून ते वीज कंपनीच्या ऑफिसात चार हेलपाटे घालून आले होते.

सांगलीच्या विश्रामबागेत त्यांचं दुमजली घर होतं. वरती सर आणि काकू, खालच्या दोन खोल्यांत माझा कॉम्प्युटर क्लास. लग्न होऊन सांगलीत आले आणि वर्षभरात मी तो सुरू केला. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गावात इंटरनेट नुकतंच पोचलं होतं, आणि ते आमच्याकडे आहे अशी पाटी मी बाहेर लावली होती. फोनची लाइन मात्र वरची, सरांची. इंटरनेट चालू असलं की काकूंचा फोन बंद. मग त्या जिन्यात येऊन उभ्या राहायच्या आणि सर मान न वळवता हातानंच थांबायची खूण करायचे. खोल्या देताना त्यांनी एकच अट घातली होती. दुपारी क्लास रिकामा असेल तेव्हा एक मशीन त्यांचं.

मला वाटलं, रिटायर्ड माणूस, पत्ते खेळेल, परदेशातली वर्तमानपत्रं वाचेल. पहिल्या दिवशी त्यांनी हात धुतले, पुसले, खुर्चीवर घरून आणलेला पंचा पसरला आणि सर्च इंजिनाच्या चौकटीत एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं. काहीच आलं नाही. मी उगाचच ओशाळले. सर अजिबात ओशाळले नाहीत.

"शून्य हेही रीडिंगच असतं," ते म्हणाले. "नोंद करायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेखाचा कागद आणला आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर चिकटवला. आडव्या रेघेवर आठवडे, उभ्या रेघेवर त्यांच्या नावाचे निकाल. रोज दुपारी ते नाव टाकायचे. त्यांच्या नावात 'व' होता आणि तो इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात, म्हणून दोन्ही तऱ्हांनी. मग दुसऱ्या सर्च इंजिनावर तेच. मग पुन्हा पहिल्यावर, कारण एका रीडिंगवर भरवसा ठेवणारा माणूस केमिस्ट नव्हे, असं ते मला रोज ऐकवायचे. लाइन मध्येच तुटली तर सगळं पहिल्यापासून. शनिवारी टोकदार पेन्सिलीनं कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके तळाच्या रेघेवरून मुंग्यांसारखे चालले होते. क्लासची मुलं हसायची. मीही हसायचे, ते वर गेल्यावर.

एकदा निकाल आला. अमेरिकेतल्या कुठल्याशा महाराष्ट्र मंडळाच्या पानावर गणपतीच्या जेवणाला कोण काय आणणार त्याची माहिती होती, आणि सरांच्याच नावाचा एक गृहस्थ मसालेभात आणणार होता. मी म्हटलं, सर, एक तरी आला. त्यांनी चष्मा काढून मला सुनावलं की भेसळ वजा करायची असते. ठिपका पुन्हा तळालाच गेला.

दुसऱ्यांचीही नावं ते घालून बघायचे. जुने प्राचार्य, बरोबरचे प्राध्यापक. काही आलं नाही की समाधानानं पंचा घडी करायचे. साताऱ्याच्या एका प्राध्यापकाचं नाव मात्र कुठल्याशा परिषदेच्या पानावर सापडलं. त्या दिवशी सर पंचा घडी न करताच वर गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला विचारलं, काल तिथं काय झालं गं, जेवले नाहीत.

ते हास्यास्पद होते, पण नुसतेच हास्यास्पद नव्हते. तरुणपणी त्यांनी कृष्णेच्या पाण्याचा अभ्यास केला होता. वाईच्या घाटावर पहाटे बाटल्या भरायच्या, त्या पिशवीत घालून एस.टी.नं साताऱ्याच्या संगमावर यायचं, तिथून कराड, तिथून सांगली. कंडक्टर म्हणायचे, गुरुजी, गंगाजल कुणासाठी? कित्येक वर्षं ते चाललं होतं. त्यावरचा त्यांचा निबंध परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला, आणि त्याचं पहिलं पान वरच्या बैठकीत फ्रेम करून लावलेलं होतं. त्यांची खात्री होती की जगात कुणीतरी, कुठंतरी तो वाचलाय, वापरलाय, आणि आता हे जाळं सगळ्या जगावर पसरलंय तर तो माणूस त्यात सापडणारच. मूलबाळ नव्हतं. "माणूस गेल्यावर कशात तरी सापडला पाहिजे," असं एकदा ते म्हणाले. तेव्हा मी चोविशीत होते, मला ते सगळं फार लांबचं वाटत होतं.

दसऱ्याच्या आधीची दुपार होती. मी शेजारच्या मशीनवर मुलांचे पेपर काढत होते. सर एकदम उभे राहिले, खुर्ची मागं सरकली. पडद्यावर एक निकाल होता. त्यांचं पूर्ण नाव, आद्याक्षरांसकट, आणि पुढं आमच्या सांगलीचं नाव. भेसळ नव्हती.

त्यांनी जिन्याकडे तोंड करून काकूंना हाक मारली, पहिल्यांदाच त्यांच्या नावानं. खाली ये, म्हणाले, लवकर ये. मग त्या निकालावर टिचकी मारली. तेव्हा पान उघडायला वेळ लागायचा, वरून खाली एकेक ओळ उमटत यायची. काकू पदराला हात पुसत जिन्यात आल्या तोवर सरांचं अर्धं पान वाचून झालं होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "चुकून आलं. जा तू."

काकू क्षणभर थांबल्या आणि वर गेल्या. सर खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

त्यांच्याच एका विद्यार्थ्याचं पान होतं, आता कॅनडात असलेल्या. कॉलेजच्या दिवसांच्या आठवणी त्यानं इंग्रजीत लिहिल्या होत्या. कँटीन, गॅदरिंग, आणि मग सर. लिहिलं होतं की रसायनशास्त्राच्या विभागात प्लॅटिनमची एकच मूस होती, पदार्थ जाळून राख करायची अंगठ्याएवढी वाटी, फार किमती, सरांच्या कपाटात कुलपात असायची. ती एक दिवस नाहीशी झाली. आमच्या वर्गात जतकडचा मायाप्पा नावाचा मुलगा होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला, त्या घरातून कॉलेजात आलेला पहिला. प्रॅक्टिकलनंतर तो भांडी धुवायला मागं थांबला होता, म्हणून सरांनी त्याचं नाव घेतलं. होस्टेलवर सगळ्यांसमोर त्याची ट्रंक उघडली. त्यात घोंगडं निघालं आणि भाकरीचे वाळलेले तुकडे. मूस निघाली नाही. विकली असेल, सर म्हणाले. त्याच्या बापाला बोलावून घेतलं. बापानं डोक्याचं पागोटं काढून सरांच्या पायांवर ठेवलं आणि मग आमच्या देखत पोराला पायातल्या वहाणेनं मारलं. मायाप्पाचं नाव कॉलेजातून कमी झालं. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलला मी ज्या मुशीत राख केली ती तीच मूस होती. ती कपाटात कशी परत आली हे आम्ही कुणी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. शेवटी लिहिलं होतं, मायाप्पाचं पुढं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. सरांना माहीत असेल.

सरांनी पान बंद केलं नाही. त्यांनी विचारलं, "हे पुसता येतं का?"

मी नाही म्हटलं. ज्याचं पान त्यालाच ते पुसता येतं.

"मग खाली ढकलता येतं?"

ते येईल असं मला वाटलं. पुढचे दोन आठवडे आम्ही तेच केलं. फुकट जागा मिळत होती तिथं मी सरांच्या नावानं पानं बनवली. एक कृष्णेच्या पाण्यावर, एक त्यांनी लिहिलेल्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकावर, एक नुसत्या परिचयाचं. सर घाईघाईनं मजकूर सांगायचे, मी टाइप करायचे. पण नाव घातलं की वरती कॅनडाचंच पान यायचं. आलेखावर त्यांनी ते एकही मांडलं नाही.

मी त्यांना काही विचारलं नव्हतं. विचारायचा धीर नव्हता. एका दुपारी ते खाली आले, हात धुतले, आणि चौकटीत स्वतःचं नाव न घालता मायाप्पाचं घातलं. मला आठवतं, आडनावापाशी ते थांबले. ते त्यांना आठवत नव्हतं. ते त्याला जत म्हणायचे. कॅनडाच्या पानावर बघून त्यांनी ते लिहिलं. त्या एका पानाशिवाय काही आलं नाही. दुसऱ्या सर्च इंजिनावर तेवढंही नाही.

"जतला जायला हवं," सर म्हणाले.

त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं. काकूंनी मला बाजूला घेऊन तू बरोबर जा म्हणून सांगितलं. कशाला चाललेत हे त्यांनी विचारलं नाही, आणि तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. एस.टी.त सर खिडकीशी बसले होते. मिरज मागं पडली, ऊस संपला, माळ सुरू झाला, आणि मग बाहेर बघत ते आपण होऊन बोलायला लागले. मूस त्यांनीच ठेवली होती. प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत तापायला ठेवली आणि त्याच दिवशी भट्टीची कॉइल जळाली. बंद भट्टी कोपऱ्यात सरकवून ठेवली गेली. दिवाळीनंतर नवी कॉइल बसवायला त्यांनी दार उघडलं तर मूस आत.

"मग?" मी विचारलं.

"धुतली, पुसली, कपाटात ठेवली."

"आणि मग?"

"मग तास होता. तासावर गेलो."

जतपासून पुढं वडापच्या जीपनं गेलो, तिथून वाडीपर्यंत चालत. घर सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याचं छप्पर, दारात बाभळ, काट्यांच्या कुंपणात थोडी मेंढरं. मायाप्पाची आई भिंतीला टेकून लोकर निवडत बसली होती. सर म्हणाले, कॉलेजातून आलोय, मायाप्पाची चौकशी करायला. आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. म्हातारीनं आम्हाला घोंगडं अंथरून दिलं आणि शेळीच्या दुधाचा चहा केला.

"त्यो हितं न्हाई ऱ्हात," ती म्हणाली. "त्येच्या बानं घरात घेतला न्हाई. मी लय सांगिटलं, आपलं प्वार तसलं न्हाई म्हनून. तर म्हनायचा, मास्तर मानूस खोटं कशाला बोलंल?"

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. मातीला मायाप्पा आला होता, पण भावकीनं त्याला लांबच उभं केलं. तेव्हापासून तो वाडीत पाऊल टाकत नव्हता. वर्षाकाठी एखाद्या बाजाराला म्हातारी जतला जायची, तिथं स्टँडवर दोघं भेटायची. कुठं असतो, असं सरांनी विचारलं. तो कुपवाडला फौंड्रीत होता. पहिल्यापासून तिथंच. सरांच्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर तो वीस-एक वर्षं राहत होता.

सरांनी कप रिकामा केला. म्हातारीला आता सांगतील, मग सांगतील, म्हणून मी वाट बघत होते. ते उठले, तिला नमस्कार केला आणि चालायला लागले.

कुपवाडला आम्ही त्याच आठवड्यात गेलो. पाळी सुटायची वेळ होती, फाटकातून लुना आणि स्कूटर बाहेर पडत होत्या. वॉचमननं त्याला हाक मारली. चाळिशीचा माणूस, अंगावर साच्याची काळी माती, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यानं सरांना लांबूनच ओळखलं. जवळ येऊन सवयीनं पायाला हात लावायला वाकला आणि मध्येच थांबला. मग सरळ उभा राहिला.

सर म्हणाले, "मायाप्पा, ती मूस सापडली होती. मीच भट्टीत विसरलो होतो."

"सापडणारच हुती, सर," तो म्हणाला. "मी घेतलीच न्हवती."

तो चिडला नाही. फाटकाजवळच्या टपरीवर आम्हाला चहा घ्यायला लावला. तिथं उभ्याउभ्या त्यानं एकच गोष्ट मागितली. "माझा बा मला चोर समजूनच मेला. त्येला आता कुठनं सांगणार तुमी? आव्वा हाय अजून. वाडीत या, चार माणसांत सांगा. दुसरं मला काय नगं." सर हो म्हणाले. येत्या रविवारी, असं ठरलं. मायाप्पा स्कूटर घेऊन येणार होता.

रविवारी तो आला तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. सरांना बरं नाही, त्यांनी सांगितलं. तो वर बघून बरं म्हणाला आणि गेला.

सर आजारी नव्हते. दुसऱ्या दिवशी ते खाली आले आणि मला म्हणाले, आपण पान करू. माफीचं. जगात कुणालाही वाचता येईल असं. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी तो इंग्रजीत लिहिला, आणि खरं सांगायचं तर तो चांगला होता. स्वतःला कुठंही सूट दिलेली नव्हती. मायाप्पाचं पूर्ण नाव, गाव, वर्ष, भट्टी, कपाट, सगळं होतं. सर एकेक वाक्य दोनदा वाचून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी थोडा तजेला दिसला. सगळ्या जगाला सांगणं त्यांना जमत होतं. त्या पानाचा प्रिंट काढून ते एकटेच रिक्षानं कुपवाडला गेले आणि तासाभरात परत आले. प्रिंट हातातच होता.

मायाप्पानं तो वाचला होता. इंग्रजी त्याला अजून येत होतं. वाचून त्यानं कागद परत दिला आणि विचारलं, "हे आव्वा वाचणार हाय?"

त्यानंतर चार-पाच दिवस सर खाली उतरले नाहीत. मग एका सकाळी मी क्लास उघडत होते, तर रस्त्यावर मायाप्पाची स्कूटर उभी. सरांनीच त्याला निरोप पाठवला होता. सर पांढरा शर्ट, काळी पँट आणि पायात बूट असे कॉलेजला जायच्या वेषात खाली आले. माझ्याकडे बघितलं नाही. स्कूटरवर मागं बसायला त्यांना जमेना, मायाप्पानं हाताला धरून बसवलं. दोघं निघून गेले. संध्याकाळी दिवेलागणीला सर परत आले आणि थेट वर गेले.

तिथं काय झालं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मला ते मायाप्पाकडून कळलं. महिन्याभरानं तो क्लासवर आला, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही.

सर बोलले, तो म्हणाला. देवळाम्होरं उभं राहून, मोठ्यानं, वर्गात बोलायचे तसं. माझी चूक होती, पोरगं निर्दोष होतं, सगळं सांगितलं. म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या. तरुण पोरांना मुळात ती गोष्टच माहीत नव्हती, ती एकमेकांना विचारत होती, काय चोरलं हुतं म्हणून. म्हातारी शेवटपर्यंत गप्प बसली होती. मग उठून सरांच्या पुढ्यात आली आणि तिनं एवढंच विचारलं, "घावली तवाच का न्हाई आला, मास्तर?"

सर तिच्याकडे बघत उभे राहिले. मायाप्पाच त्यांना हाताला धरून स्कूटरकडे घेऊन आला.

पण तो हे सांगायला आला नव्हता. त्याचं वेगळं काम होतं. "ते इंटरनेटवरचं काढून टाका, ताई," तो म्हणाला. "माझी पोरगी शाळेत कॉम्प्युटर शिकती. उद्या तिनं बापाचं नाव घालून बघितलं तर काय येणार? चोरी. मी केली न्हाई असं खाली लिवलंय, खरं हाय. पण म्होरं चोरीच येती न्हवं?"

मी त्याच्या देखत आमचं पान पुसलं. कॅनडाचं माझ्या हातात नव्हतं, तसं मी त्याला सांगत होते तेवढ्यात पाठीमागून सरांचा आवाज आला. ते जिन्यात होते. किती वेळचे होते कोण जाणे.

"त्याला मी लिहितो," ते म्हणाले.

मायाप्पा गेल्यावर ते मशीनपुढं बसले. हात धुवायचे विसरले, पंचाही आणला नव्हता. कॅनडाच्या पानाखाली ईमेलचा पत्ता होता. सरांनी एका बोटानं, चुका दुरुस्त करत, त्या विद्यार्थ्याला लिहिलं की तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, फक्त त्यातलं मायाप्पाचं नाव आणि गाव काढून टाक. दोन दिवसांत उत्तर आलं. तो हादरला होता. सर हे वाचतील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नाव काढलंच आहे, त्यानं लिहिलं, आणि तुमची इच्छा असेल तर तुमच्याबद्दलचा सगळाच मजकूर काढतो, इतक्या वर्षांनी मी तरी ते कशाला उकरलं.

सरांनी उत्तर वाचलं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "सातारा, आपण केलेली बाकीची पानं पुसून टाक. पाण्याचं, पुस्तकाचं, सगळी." मी विचारलं, नक्की ना? त्यांनी उठून मला खुर्ची दिली. मी पुसली. मग त्यांनी कॅनडाला एकच ओळ लिहिली. माझं नाव काढू नकोस, आहे तसं राहू दे.

त्यानंतर ते मशीनवर बसले नाहीत. आलेखाचा कागद भिंतीवरच होता, पुढं रंगकाम करताना निघाला. मायाप्पा पौषात बायकामुलांना घेऊन वाडीतल्या जत्रेला गेला होता असं कानावर आलं. त्यानं सरांना काही कळवलं नाही. फेब्रुवारीत सरांना झटका आला, आणि दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी काकू खाली आल्या. आजवर त्या माझ्या क्लासच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. सरांच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मला हाक मारून बोलावलं आणि परत पाठवलं. काय होतं ते दाखव."

मी आढेवेढे घेतले, पण त्या हलल्या नाहीत. मी सरांचं नाव घातलं, पान उघडलं, आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. काकू हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढंच आहे का त्यांच्याविषयी?"

"एवढंच," मी म्हटलं.

"ती मूस सापडली त्या दिवशी घरी आले आणि ताटावर बसेनात," काकू म्हणाल्या. "उद्या प्रिन्सिपॉलांना सांगतो, जतला जाऊन येतो, असं म्हणत होते. विभागप्रमुख व्हायचे होते त्या वर्षी. मी म्हटलं, त्या पोराचं नाव कमी झालंच आहे, आता तुमचं कशाला घालवता. आधी जेवून घ्या." त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मग जेवले."

त्यांनी पडद्याच्या काचेला बोट लावलं आणि ओळींवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं.

"यात माझं नाव कुठं नाही," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. काकू उठल्या नाहीत. चारच्या बॅचची मुलं दारात येऊन थांबली तरी त्या तशाच बसून होत्या.